एकच नोकरी

एडी रॉबिन्सन यांना कुणी त्यांच्या विक्रमाबद्दल छेडलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे. माझा खरा विक्रम काय असेल तर पन्नासहून जास्त वर्षं मी एकच नोकरी केली आणि एकच बायको केली, असं ते म्हणत. समोरचे हसायचे, टाळ्या पडायच्या, पत्रकार मंडळी वहीत उतरवून घ्यायची. अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा कोच असं बोलतो म्हणजे किती जगावेगळं बोलतो, हे कळायला आधी त्या धंद्याची रीत ठाऊक हवी.

रीत अशी. लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीने, म्हणजे एलएसयूने, २०२१ च्या अखेरीस ब्रायन केली नावाचा कोच दुसऱ्या विद्यापीठातून फोडून आणला. दहा वर्षांचा करार, साधारण साडेनऊ कोटी डॉलर. चौथा हंगाम संपायच्या आतच, ऑक्टोबर २०२५ मध्ये, त्याला घरी पाठवलं, आणि करार मोडल्याची भरपाईच पाच कोटी डॉलरच्या वर निघाली. हे सरकारी विद्यापीठ आहे बरं का. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत सरकारी पगारपत्रकावरचा सगळ्यात महागडा माणूस राज्यपाल नसतो, कुलगुरूही नसतो. फुटबॉलचा कोच असतो. तो चार वर्षं इथे, पाच वर्षं तिथे, असा वरवर चढत जातो. बेअर ब्रायंट हे या खेळातलं सगळ्यात मोठं नाव. तेही मेरिलंड, केंटकी, टेक्सस ए अँड एम असं करत शेवटी अलाबामाला पोचले.

एलएसयू आहे बॅटन रूज शहरात. एडी रॉबिन्सन लहानाचे मोठे झाले तेही बॅटन रूजमध्येच. पण त्यांनी जन्मभर नोकरी केली ती तिथून तीन-चार तास उत्तरेला, पाइनच्या जंगलातल्या ग्रॅम्ब्लिंग नावाच्या गावात.

मी डॅलसजवळ राहतो. अमेरिकन फुटबॉलशी माझं नातं बरीच वर्षं शेजाऱ्याशी असतं तसं होतं. घरात आवाज ऐकू यायचा, आत जायचं काही कारण नव्हतं. पायापेक्षा हातानेच जास्त खेळला जाणारा, दर दहा सेकंदांनी थांबणारा हा खेळ क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला खरं तर लवकर समजायला हवा, पण ते असो. इथे दर शरद ऋतूत टेक्ससची मोठी जत्रा भरते. पन्नास-पंचावन्न फूट उंचीचा बिग टेक्स नावाचा काउबॉयचा पुतळा, काडीला लावून तळलेले कॉर्न डॉग, गुरांची प्रदर्शनं, आणि जत्रेच्या आवारातच कॉटन बोल हे जुनं स्टेडियम. त्या स्टेडियममध्ये जत्रेच्या दिवसांत ग्रॅम्ब्लिंग स्टेट विरुद्ध प्रेअरी व्ह्यू असा सामना होतो. दोन्ही विद्यापीठं ऐतिहासिकदृष्ट्या काळ्या विद्यार्थ्यांची. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने आग्रहाने नेलं, आणि बजावलं की मध्यंतरात अजिबात उठायचं नाही. इतर सामन्यांत मध्यंतराला लोक खायला जातात. इथे मध्यंतरात कुणी जागचं हलत नाही. ग्रॅम्ब्लिंगचा बँड मैदानात उतरतो. १९६७ च्या अगदी पहिल्या सुपर बोलमध्ये, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या वर्षातल्या अंतिम सामन्यात, मध्यंतराला वाजवणाऱ्यांत हाच बँड होता. ट्युबांच्या रांगा डावी-उजवीकडे झुलायला लागल्या आणि सहकाऱ्याची सत्तरीतली आई खुर्चीवरून उठून नाचायला लागली. मग बसता बसता ती मला म्हणाली की १९८५ साली कोच रॉबने, म्हणजे रॉबिन्सन यांनी, ब्रायंटचा विक्रम मोडला तो याच मैदानावर, आणि ती तेव्हा इथेच होती.

विक्रम म्हणजे सामने जिंकण्याचा. ब्रायंट यांचे विजय ३२३. ५ ऑक्टोबर १९८५ ला ग्रॅम्ब्लिंगने प्रेअरी व्ह्यूला २७–७ असं हरवलं आणि रॉबिन्सन यांचे ३२४ झाले. पुढे ते ४०८ पर्यंत गेले. हे आकडे मी त्या बाईंच्या तोंडून ऐकले आणि घरी येऊन वाचायला लागलो. पण मला धरून ठेवलं ते विक्रमाने नाही. एका कापसाच्या गोष्टीने.

ग्रॅम्ब्लिंगचं कॉलेज उभं राहिलं तेच मुळी आसपासच्या काळ्या शेतकऱ्यांच्या खटपटीतून. त्यांनी संघटना केली, टस्कीगीच्या संस्थेचे काळे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याकडे माणूस मागितला. त्यांनी चार्ल्स अ‍ॅडम्स यांना पाठवलं आणि १९०१ साली शाळा सुरू झाली. १९४१ पर्यंत तिचं नाव 'लुइझियाना निग्रो नॉर्मल अँड इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट' असं लांबलचक झालं होतं. पोरं मैदानाच्या कडेला उभी राहून त्या नावाने आरोळी ठोकायची, आणि आरोळी संपेपर्यंत समोरच्यांचा टचडाउन, म्हणजे इथला गोल, होऊन जायचा, म्हणून १९४६ साली नाव आखडून ग्रॅम्ब्लिंग कॉलेज केलं, असं तिथले लोक मजेत सांगतात. कारण तेवढंच नसणार, पण गोष्ट छान आहे.

रॉबिन्सन यांचा जन्म १९१९ चा. वडील बटईने शेती करणारे, आई लोकांच्या घरी काम करणारी. लेलँड नावाच्या छोट्या काळ्या कॉलेजात ते क्वार्टरबॅक खेळले, पदवी घेतली, आणि पदवी घेऊन बॅटन रूजच्या एका पशुखाद्याच्या गिरणीत तासाला २५ सेंटवर पोती उचलायला लागले. ओळखीतून कळलं की ग्रॅम्ब्लिंगला कोच हवा आहे. तिथले प्रमुख होते राल्फ वाल्डो इमर्सन जोन्स. हे स्वतः बेसबॉलचे कोच, संस्थेचे अध्यक्ष, आणि वेळ पडली तर सगळंच. त्यांनी २२ वर्षांच्या पोराला घेतलं. पगार महिन्याला ६३ डॉलर ७५ सेंट.

कोच म्हणजे काय काय? फुटबॉल शिकवायचा, बास्केटबॉलही शिकवायचा. मैदानावरचं गवत कापायचं. सामन्याआधी स्वतःच फक्की घेऊन रेघा आखायच्या. पोरांच्या घोट्यांना पट्ट्या बांधायच्या, गाडी चालवायची. आणि सामना झाल्यावर रात्री बसून त्याची बातमी लिहून वर्तमानपत्राला धाडायची, कारण एका काळ्या खेडवळ कॉलेजच्या सामन्याला बातमीदार कोण पाठवणार? पहिल्या वर्षी तीन जिंकले, पाच हरले. दुसऱ्या वर्षी, १९४२ साली, नऊच्या नऊ जिंकले, आणि नऊ सामन्यांत समोरच्या कुणालाही एक गुण करू दिला नाही. पुढची दोन वर्षं महायुद्धामुळे संघच उभा राहिला नाही.

कापसाची गोष्ट या सुरुवातीच्या वर्षांतली. संघातले दोन भाऊ ऐन हंगामात गायब झाले. बापाने घरी बोलावून घेतलं होतं. शेतात कापूस फुटला होता आणि वेचायला हात नव्हते. रॉबिन्सन त्याची समजूत घालायला गेले नाहीत. त्यांनी अख्खा संघ गाडीत घातला, शेतावर नेला आणि कापूस वेचायला लावला. कापूस घरात आला, भाऊ मैदानात आले.

माझं बालपण यवतमाळ जिल्ह्यातलं. फुटबॉलचा हंगाम सप्टेंबर ते नोव्हेंबर, म्हणजे बरोबर वेचणीचा, हे माझ्या ध्यानात कधी आलंच नव्हतं. आमच्याकडे पहिल्या वेचणीला सीतादही करतात, दहीभात शेतात शिंपडतात, आणि मग दिवाळी मागे पडेस्तोवर शाळेच्या हजेरीपटावर नुसत्या भोकांच्या रांगा. मास्तरांनाही ते ठाऊक असायचं; कुणी बोलत नसे. वेचणी लांबून फार सुंदर दिसते. जवळून पाहा. फुटलेलं बोंड वाळलं की त्याच्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी होतात. सरकी धरून कापूस एका झटक्यात ओढावा लागतो, आणि घाई केली की ती टोकं नखांच्या मुळाशी घुसतात. तिथली कातडी आठवड्यात फाटते, मग मीठ लागलं तरी डोळ्यांत पाणी येतं. ओटी भरत आली की कमरेला ओढ लागते, आणि कापूस इतका हलका की एवढं वेचून काट्यावर किलो किती भरले हे पाहताना दरवेळी फसवल्यासारखं वाटतं. फुटबॉल खेळणाऱ्या दणकट पोरांचे हात तर या कामाला अगदीच नालायक असणार. बोटं जाड, कंबर उंच. ते शेत त्यांनी कसं उरकलं असेल हे मला डोळ्यांसमोर आणता येतं, आणि त्या बापाचा चेहराही. तो माणूस पोरांच्या शिक्षणाचा वैरी नव्हता. त्याच्याकडे हिशेब होता, आणि कोचने त्या हिशेबाचा मान ठेवला.

मला वाटतं रॉबिन्सन यांची सगळी कोचिंगची पद्धत या एका गोष्टीत आहे. भाषण कमी, हात लावणं जास्त. सकाळी लवकर ते हातात गाईच्या गळ्यातली घंटा घेऊन वसतिगृहात शिरत आणि वाजवत फिरत. व्यायामाला उठवण्यासाठी नव्हे. पोरं नाश्त्याला आणि वर्गात वेळेवर जावीत म्हणून. दौऱ्यावर कोट आणि टाय सक्तीचा. काट्या-चमच्याने कसं जेवायचं, मुलाखतीला कसं बसायचं हे ते शिकवत. आजच्या तरुणाला हे जरा जाचक वाटेल, गोऱ्यांच्या रीतीपुढे मान तुकवणंही वाटेल. पण ज्या काळात दक्षिणेतल्या रस्त्यावर ही बस धावत होती तो काळ लक्षात घ्या. हॉटेलात यांना बसू देत नसत, कित्येक ठिकाणी पेट्रोल घेतलं तरी संडास वापरू देत नसत. म्हणून निघतानाच पाव आणि सँडविचचं सामान बरोबर घ्यायचं आणि बसमध्येच पोट भरायचं. कोट-टाय घातलेली पोरं रस्त्याच्या कडेला उभी राहून सँडविच खाताहेत, हे दृश्य मला सामन्यांच्या सगळ्या फोटोंपेक्षा जास्त सांगून जातं.

१९४९ साली पॉल 'टँक' यंगर हा ग्रॅम्ब्लिंगचा चेंडू घेऊन धावणारा खेळाडू लॉस एंजलिस रॅम्स या संघाकडे गेला. काळ्या कॉलेजातून एनएफएलमध्ये, म्हणजे देशाच्या मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये, गेलेला हा पहिला खेळाडू. त्याला रॉबिन्सन यांनी निरोप देताना बजावलं होतं की तू तिथे टिकला नाहीस तर पुन्हा आपल्यातल्या कुणाला कधी बोलावतील सांगता येत नाही. वीस-एकवीस वर्षांच्या पोराच्या डोक्यावर केवढं ओझं! पण तो टिकला, नाव कमावलं, आणि दार किलकिलं झालं. मग विली डेव्हिस, विली ब्राउन, चार्ली जॉइनर. १९६३ साली तर एएफएलच्या, म्हणजे तेव्हाच्या दुसऱ्या व्यावसायिक लीगच्या, कॉलेज खेळाडूंच्या निवडीत अख्ख्या देशातून पहिला उचलला गेला तो ग्रॅम्ब्लिंगचा बक ब्युकॅनन. हे चौघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. या लहानशा गावातून दोनशेच्या वर मुलं व्यावसायिक फुटबॉलमध्ये पोचली.

एक जागा मात्र बंद होती. क्वार्टरबॅक. हा संघाचा मेंदू. डाव तो ओळखतो, चेंडू तो फेकतो. काळी पोरं धावतात, धडकतात, पण ती डोकं चालवणार नाहीत, अशी त्या काळच्या व्यावसायिक संघांची पक्की समजूत. कॉलेजात उत्तम क्वार्टरबॅक असलेल्या काळ्या पोराला वर गेल्यावर जागा बदलायला लावत. रॉबिन्सन यांनी हे मनावर घेतलं. जेम्स हॅरिस नावाच्या पोराला त्यांनी चार वर्षं याच एका गोष्टीसाठी तयार केलं आणि सांगितलं, जागा बदलायची नाही. १९६९ ला बफेलो बिल्सने त्याला आठव्या फेरीत घेतला, आणि त्याच वर्षी हंगामाच्या पहिल्याच सामन्याला क्वार्टरबॅक म्हणून तो उतरला. असा मान मिळालेला पहिला काळा खेळाडू. त्यानंतर डग विल्यम्स. १९७८ च्या निवडीत पहिल्याच फेरीत गेला. ३१ जानेवारी १९८८ च्या सुपर बोलमध्ये वॉशिंग्टनकडून खेळताना त्याने दुसऱ्या सत्राच्या पंधरा मिनिटांत चार टचडाउन फेकले. सामना ४२–१० असा सुटला आणि सामन्याचा मानकरी तोच. आत जाताना बोगद्याच्या तोंडाशी म्हातारे रॉबिन्सन उभे होते. त्यांनी त्याला मिठीत घेतलं आणि म्हणाले की तुझं वय नाही हे कळायचं, पण माझ्यासाठी हे जो लुईने श्मेलिंगला लोळवलं तसं आहे. जो लुई हा काळा मुष्टियोद्धा, त्याने जर्मन श्मेलिंगला लोळवलं ते १९३८ साली. रॉबिन्सन तेव्हा १९ वर्षांचे होते.

आता त्या 'एकच नोकरी'कडे वळतो, कारण मला खरं बोलायचं आहे ते त्याबद्दल.

माझे वडील एका सहकारी संस्थेत कारकून म्हणून चिकटले आणि तिथूनच निवृत्त झाले. निरोप समारंभात शाल-श्रीफळ झालं, आणि उठेल तो वक्ता एकनिष्ठ सेवेवर बोलला. संस्था हेच त्यांचं घर, दुसऱ्या नोकरीचा विचारही कधी मनाला शिवला नाही, वगैरे. रिक्षात बसल्यावर आई एवढंच म्हणाली, "दुसरीकडे घेत कोण होतं?" वडील हसले. रागावले नाहीत. मला तेव्हा आईचं बोलणं फार कोरडं वाटलं होतं. आज वाटतं, दिवसभरात कामाचं असं तेवढं एकच वाक्य बोललं गेलं.

रॉबिन्सन यांच्यावर लिहिणारे सगळे निष्ठेवर येऊन थांबतात. वर्तमानपत्रांतले मृत्युलेख, पुरस्कारांची मानपत्रं, सगळीकडे तेच. पण आकडे मांडून पाहा. अमेरिकेतल्या मुख्य विभागातल्या विद्यापीठाने काळा माणूस मुख्य कोच म्हणून पहिल्यांदा नेमला तो १९७९ साली, विचिटा स्टेटने विली जेफ्रीज यांना. तोवर रॉबिन्सन साठीला आले होते. आधुनिक एनएफएलमध्ये पहिला काळा मुख्य कोच आला १९८९ ला. आणि ज्या परिषदेत एलएसयू, अलाबामा खेळतात, त्या एसईसीत पहिला काळा मुख्य कोच नेमला गेला मिसिसिपी स्टेटमध्ये, २००४ च्या हंगामासाठी, म्हणजे रॉबिन्सन निवृत्त होऊनही सहा-सात वर्षं उलटल्यावर. त्यांच्या स्वतःच्या गावातलं विद्यापीठ तर त्यांना विद्यार्थी म्हणूनही घ्यायला तयार नव्हतं. पदव्युत्तर शिक्षणासाठी त्यांना लुइझियाना सोडून थेट आयोवाला जावं लागलं. १९५४ साली ते तिथून एम.ए. झाले. जो माणूस चारशे सामने जिंकतो त्याला ज्या धंद्यात दर चार वर्षांनी बोली लागायला हवी होती, तिथे त्याच्या तारुण्यात बोली लावणारेच नव्हते. मग तो राहिला याला निष्ठा म्हणायचं की काय म्हणायचं?

मला माहीत आहे, याला उलट उत्तर आहे. ते स्वतः तक्रार करत नसत. अमेरिकेवर त्यांचं प्रेम होतं आणि ते उघड बोलत. माझी गोष्ट काळी नको, गोरी नको, अमेरिकन असू दे, असं ते म्हणत. सामन्याआधी राष्ट्रगीताला पोरं नीट उभी राहतात की नाही याकडे त्यांचं लक्ष असे. १९६० च्या दशकात विद्यार्थी चळवळीतल्या तरुणांना ते जरा जास्तच सोशिक वाटायचे, आणि मला वाटतं त्या तरुणांचंही अगदीच चुकत नव्हतं. जो माणूस बसमध्ये सँडविच भरून नेतो तो हॉटेलच्या दारात धरणं धरत नाही. पण त्याच बसमधून त्याने हॅरिस आणि विल्यम्सला बाहेर काढलं. हिशेब मांडायला बसलो की माझं पारडं रोज वेगळ्या बाजूला झुकतं.

त्यात आणखी एक गंमत, गंमत म्हणायची तर. ज्या भिंती पडाव्यात म्हणून त्यांनी आयुष्य घातलं त्या पडल्या, आणि पडल्या त्या त्यांच्याच अंगावर. १९७० साली सदर्न कॅलिफोर्नियाच्या सॅम कनिंगहॅम या काळ्या खेळाडूने अलाबामाला त्यांच्याच घरात झोडपून काढलं. १९७१ पासून ब्रायंट यांच्या संघात काळी पोरं खेळू लागली. एलएसयूचंही तसंच झालं. तोवर दक्षिणेतल्या प्रत्येक हुशार काळ्या पोराला ग्रॅम्ब्लिंग किंवा तिच्यासारख्या चार-दोन संस्था हाच पर्याय होता. आता त्याच्या घरी मोठ्या विद्यापीठांचे कोच येऊन सोफ्यावर बसायला लागले. हजारोंची स्टेडियमं, टीव्ही, चकाचक व्यायामशाळा. त्या पोराने तिकडे जावं यासाठीच तर लढाई होती. ते गेले. ग्रॅम्ब्लिंगला मागे उरलेल्यांतून निवडायची वेळ आली. तरीही रॉबिन्सन जिंकत राहिले, १९९५ च्या ऑक्टोबरात ४०० वा विजयही झाला. पण तोच हंगाम पाच जिंकून सहा हरण्यावर संपला. पुढची दोन वर्षं ३–८ आणि ३–८. कॉलेज खेळांवर देखरेख ठेवणाऱ्या एनसीएएची चौकशी लागली. १९९६ च्या अखेरीस त्यांना हटवायची हालचाल सुरू झाली, तेव्हा इतका गदारोळ उठला की राज्यपालांपर्यंत प्रकरण गेलं आणि त्यांना निरोपाचा म्हणून एक हंगाम मिळाला. शेवटचा सामना न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये, सदर्न विद्यापीठाविरुद्ध, ३०–७ असा हरले. ५५ हंगाम, ४०८ विजय, १६५ पराभव, १५ बरोबरीत. त्यांची जागा घेतली ती डग विल्यम्सने.

पुढे अल्झायमरने त्यांना गाठलं. ३ एप्रिल २००७ ला ते गेले. विक्रमाचा गोंधळ त्यांच्या मागे झाला. पेन स्टेटच्या जो पटर्नो यांनी २०११ मध्ये ४०९ वा सामना जिंकून त्यांना मागे टाकलं. काही दिवसांतच तिथलं बालअत्याचाराचं प्रकरण फुटलं, २०१२ मध्ये शिक्षा म्हणून पटर्नो यांचे १११ विजय वहीतून खोडले, रॉबिन्सन पुन्हा वर आले. २०१५ मध्ये तडजोड होऊन ते विजय परत दिले, रॉबिन्सन पुन्हा खाली. शिवाय खालच्या विभागातल्या जॉन गॅग्लियार्डी यांचे ४८९ आहेतच. विजयांचा आकडा ही किती पोकळ मोजपट्टी आहे हे कळायला यापेक्षा चांगला पुरावा नको.

ग्रॅम्ब्लिंगचं काय झालं ते मात्र पोकळ नाही. राज्याने उच्च शिक्षणाच्या अनुदानाला कात्री लावली, आणि गरीब संस्थेला कात्री जास्त खोल लागते. २०१३ च्या सप्टेंबरात, दुसऱ्यांदा कोच झालेल्या डग विल्यम्सला हंगामाच्या मध्येच काढून टाकलं. ऑक्टोबरात खेळाडूंनी बंड केलं. व्यायामशाळेत बुरशी, फरशा निघालेल्या, आणि दूरदूरच्या सामन्यांना चौदा-चौदा तास बसने प्रवास. जॅक्सन स्टेटच्या सामन्याला ती मुलं बसमध्ये चढलीच नाहीत. सामना सोडून द्यावा लागला. काही जुन्या मंडळींना हे कोच रॉबच्या नावाला बट्टा लावणं वाटलं. मला तसं वाटत नाही. त्यांच्या पिढीकडे बसमध्ये चढणं एवढाच मार्ग होता; या मुलांकडे न चढण्याचाही होता, आणि त्यांनी तो वापरला.

रॉबिन्सन यांच्या नावाने दरवर्षी दुसऱ्या फळीच्या विभागातल्या सर्वोत्तम कोचला पुरस्कार दिला जातो. २०२१ चा मिळाला डिऑन सँडर्सला. एनएफएलचा माजी तारा, सोन्याच्या साखळ्या, काळा चष्मा, तोंडाने फटकळ. कोट-टायच्या शिस्तीचं अगदी दुसरं टोक. जॅक्सन स्टेट या काळ्या विद्यापीठाला त्याने तीन हंगामांत २७ सामने जिंकून दिले आणि ज्या संस्थांकडे टीव्हीवाले फिरकत नव्हते तिथे कॅमेऱ्यांची रांग लावली. २०२२ मध्ये अलाबामा स्टेटच्या कोचने सामन्यानंतर त्याला मिठी मारायला नकार दिला आणि हा काही आपल्यातला नाही असं पत्रकारांना सांगितलं. या कोचचं नाव एडी रॉबिन्सन ज्युनियर. आपल्या रॉबिन्सन यांच्याशी काही नातं नाही, नुसता नावाचा योगायोग. पण त्या आठवड्यात डॅलसच्या काळ्या न्हाव्यांच्या दुकानांत हा विषय किती चघळला गेला असेल!

त्याच डिसेंबरात सँडर्स जॅक्सन स्टेट सोडून कोलोरॅडो विद्यापीठात गेला. पाच वर्षांचे २ कोटी ९५ लाख डॉलर. गद्दार, पळपुटा, आपल्या लोकांना वापरून घेतलं, असं काय काय बोललं गेलं, आणि बोलणाऱ्यांनी दाखला दिला तो कोच रॉबचा. सहकाऱ्याच्या आईलाही सँडर्स आवडत नाही. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, पण माझं मत उलट आहे. १९५५ साली रॉबिन्सन यांच्या टेबलावरचा फोन असा वाजला असता तर त्यांनी कदाचित नाहीच म्हटलं असतं. बायको डोरिस, जोन्स, ती पोरं, ते मैदान, एवढं सोडून ते गेले नसते. तो नकार ऐकायला मला फार आवडलं असतं.

सँडर्सचा कोलोरॅडोतला पहिला हंगाम ४–८ असा गेला आणि टीकाकारांनी मनसोक्त हसून घेतलं. दुसऱ्या वर्षी नऊ जिंकले. त्याच्याबरोबर जॅक्सन स्टेट सोडून आलेला ट्रॅव्हिस हंटर नावाचा पोरगा २०२४ ची हाइझमन ट्रॉफी घेऊन गेला, म्हणजे देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू. १९७७ साली डग विल्यम्सने ग्रॅम्ब्लिंगमधूनच खेळून त्या ट्रॉफीच्या मतदानात चौथा क्रमांक मिळवला होता.